गळक्या सुरईचा मुलुंडमधला मुक्काम

मी सुरई बोलतेय. मातीची, लांब मानेची आणि गळकी. यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव, बघू तुझी हिंमत! मुलुंडच्या एका बिल्डिंगमागे गळ्यापर्यंत पुरलेली म्हातारी वाळवंटाच्या गप्पा ठोकतेय म्हटल्यावर शहाणा माणूस पळून जाईल. तू थांबलास, म्हणजे तुझंही शिक्षण माझ्याएवढंच दिसतंय.

माझं शिक्षण दुसरी नापास. जैसलमेरच्याही पुढे, जिथे रस्ता कंटाळून वाळूत झोपतो, तिथल्या एका कुंभारणीने मला घडवलं, भाजलं आणि गावच्या शाळेच्या ओट्यावर प्यायच्या पाण्यासाठी ठेवलं. दोन वर्षं मी पोरांबरोबर पाढे म्हटले. पण माझ्यातलं पाणी अंगातून झिरपायचं. दुपारपर्यंत ओटा ओला आणि मी रिकामी. गुरुजी म्हणाले, "ही काही कामाची नाही."

कुंभारीण हसली. तिने मला परसात नेलं आणि बोरीच्या इवल्याशा रोपाशेजारी पुरलं. चार-आठ दिवसांनी ती मला पाण्याने भरायची. मी गुपचूप, थेंब थेंब त्याच्या मुळांना पाजायचे. वर वाळू तापून लाल, खाली आमची मजा! रोपाचं झाड झालं. शाळेने हाकललं म्हणून कुणी संपत नसतं, समजलं?

ही याच वर्षीची, ८६ सालची गोष्ट. जानेवारीत मुलुंडच्या महिला मंडळाची सहल आली आणि बस नेमकी आमच्या गावाशी बिघडली. बायका रजया बघायला, बांगड्या बघायला धावल्या. एक मात्र बोरीपाशी उकिडवी बसली. मालन तिचं नाव. साठीची, मालवणकडची. तिने मातीत बोट खुपसलं आणि ओरडली, "गे, आत ओली आसा!"

राजस्थानला निघताना पिशवीत नारळ घेऊन आलेली ती एकटीच. तो तिने कुंभारणीच्या हातात ठेवला. कुंभारणीने नारळ देवापुढे मांडला आणि मला उकरून मालनच्या ओटीत घातलं. बोरीला आता माझी गरज नव्हती.

परतीच्या गाडीत मालनने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. घर जवळ येईल तशी तिची बडबड वाढली. बिल्डिंगमागे आठ पावलं जमीन आहे, तिथे दुधी लावीन, मागाहून अळू लावीन. पण सोसायटीच्या सेक्रेटरीला, विद्याधरला, तिथे फरशी घालून स्कूटरी उभ्या करायच्या होत्या. नळाला पाणी सकाळी तासभर. म्हणून मीटिंगमध्ये ठरलं होतं, झाडांना पाइप लावायचा नाही. मेअखेर काही हिरवं उरलं तर जमीन मालनची, नाहीतर फरशी.

"मे म्हयन्यात बिनापाण्याचा काय हिरवा ऱ्हवतला, असा वाटता त्येका," मालन माझ्या कानाशी म्हणाली. "त्येका दाखवया."

घरी आल्या आल्या तिच्या मुलाने, नंदकिशोरने, कौतुकाने मला भरून टेबलावर ठेवलं. शेजारी त्याची ऑफिसची फाइल. सकाळी फाइलीची खीर! मुद्दाम केलंस का म्हणशील. थोडंसं.

"आई, एवढ्या लांबून गळकी आणलीत?" सून अनुपमा म्हणाली.

"गळत नाय गे ती. पाजता."

मालनने दुधीचं बी पेरलं. रोज तांदळाचं धुवण घालून रोपं वर काढली. मला पुरणार, तेवढ्यात घाटकोपरहून निरोप आला, लेक सुलक्षणा बाळंत झाली. मालन पिशवी उचलून गेली.

आता अनुपमाचं ऐक. पोर वाईट नाही. तिला वाटलं, सासूची सुरई गळायची थांबली तर सासू खूश होईल. तिने मला ऑइल पेंट फासला. लालभडक. वर सोनेरी वेलबुट्टी, मानेभोवती बारीक आरसे. शोकेसमध्ये बसवून तोंडात प्लास्टिकचे गुलाब खोचले. अंगाचं एकूण एक भोक बुजलं. लोक येऊन म्हणायचे, "झकास!" मी आत गुदमरत होते. शाळेने मला नापास केलं तेव्हा एवढा राग आला नव्हता. काम काढून घेऊन देखणं करणं, हा कुठला न्याय?

महिन्याने मालन परतली. खाली रोपांनी माना टाकलेल्या, वर मी नटलेली. तिने पिशवी खाली टाकली. विटेचा तुकडा घेतला, मला मांडीवर घेतलं आणि खरवडायला बसली. कर्र, कर्र. काय बरं वाटत होतं म्हणून सांगू!

अनुपमा दारात रडवेली. "आई, आठ दिवस बसून केलं होतं मी. तुमच्यासाठी."

मालनचा हात मानेपाशी थांबला. "बस हयसर. मानेखालची माझी. मान तुझी. ऱ्हवांदे आरसे."

अनुपमा खाली बसली आणि तिनेही विटेचा तुकडा घेतला.

तसंच पुरलं मला, मान तेवढी वर. एक दिवसाआड धुवण माझ्या पोटात. वरची माती कोरडी ठणठणीत, खाली माझं चालू. चारातली दोन रोपं गेली. दोन मात्र अशी चढली की कुंपण दिसेना.

मेअखेर विद्याधर गवंड्याला, दशरथला, घेऊन हजर. लटकलेला दुधी बघून त्याचं डोकं फिरलं. "चोरून पाइप लावला! माती कोरडी आणि वेल हिरवा? ही सुरई उपट रे, खाली काय आहे बघू."

दशरथने हाताने माती बाजूला केली आणि थबकला. "साहेब, मुळांनी हिला आवळून धरलंय. ओढली तर दोघं मरतील."

"ओढ म्हणतो ना!"

मालन पुढे झाली. पण तिच्याही आधी अनुपमा जिना उतरून आली, पिठाच्या हातांनीच. माझ्यासमोर उभी राहिली. "मानेला धरूनच उपटणार ना? मान माझी आहे. लावून दाखवा हात."

विद्याधर चष्मा पुसत राहिला. दशरथने थापी पिशवीत टाकली. "मी नाय करत हे काम," म्हणाला आणि निघाला.

विद्याधर अजून मीटिंगा घेतो. घेऊ दे. माझ्या पोटाला बारीक चीर गेलीय, पाणी जरा भरभर जातं. जाऊ दे. मी इथून हलणार नाही. शोकेसमध्ये तर मेले तरी नाही.

झालं ऐकून? चल, नीघ आता. आणि पाय जपून उचल, कालच मालनने तिथे अळू लावलंय.