झडीकडची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. मिठबाव गावातली, लाल चिऱ्याची, समुद्राकडे तोंड करून उभी. मित्रांनो, घराच्या बाकीच्या तीन भिंतींना माणसे टेकतात. मला चार महिने पाऊस टेकतो आणि तो उठायचे नाव घेत नाही.

धोंडू नावाच्या खलाशाने मला उभारले. माझ्यावर सिमेंटचा गिलावा चढला, तेव्हा त्याची बायको आनंदी रोज सकाळ-संध्याकाळ मला पाणी घाली. नवा गिलावा पाण्यावाचून तडकतो. पाऊस जवळ आला की ती झावळ्यांचे झाप विणून मला बांधी. मी गोठ्यासारखी दिसे, पण माझ्यामागची तिची खोली कोरडी राही. धोंडू गेला, तरी ती त्याच खोलीत राहिली.

मग त्यांच्या मुलाने, सुदेशने, पुढच्या खोल्या पर्यटकांना द्यायचे ठरवले. त्याची बायको सारिका हिने मोबाइलवर कुठलीशी नक्षीदार भिंत पाहिली आणि माझे नशीब फळफळले. परशुराम गवंड्याने मला खरवडले, भिजवले, नवा गिलावा लावून थापीने सपाट केले. आठवडाभर पाणी मारा म्हणाला. पण पाहुणे यायचे होते. ओल्या भिंतीपुढे त्यांचे फोटो कसे काढणार? पाणी बंद झाले. मला केसाएवढ्या चिरा पडल्या. त्यांच्यावरच जाड रंग चढवून रोलरने लाटांची नक्षी उठवली. सगळा गाव बघून गेला. इतके कौतुक या वयात झेपत नाही.

पावसाच्या तोंडावर आनंदी झाप घेऊन आली. नक्षी झाकायची असती तर काढली कशाला, असे सुदेशने विचारले.

"नक्षी तुजी," ती म्हणाली, "पण आत मी निजतंय."

झाप गोठ्यात गेले.

झड लागली आणि चिरांतून पाणी आत शिरले. रंगाला फुगे आले. परशुरामच्या लाटा खरोखरच हलू लागल्या. आतून मी काळी पडले. आनंदीचे अंथरूण ओले, तिचा खोकला थांबेना. मला दृष्ट लागली, असे घरात ठरले. गावाचे मानकरी भाई गावकर आले. माझ्यापुढे नारळ ठेवून त्यांनी देवाला गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या भिंतीक कोणाची नजर लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आनंदीही म्हणाली, खोकत खोकत. माझ्यासाठी आजवर कोणी नारळ ठेवला नव्हता. मी भारावले आणि आतून आणखी थोडी गळले.

शेवटी सुदेश आईची खाट मागच्या पडवीत हलवायला निघाला. ती खाटेवरून उठली नाही.

"माका खोली सोडूक सांगतस," ती म्हणाली, "आणि तुका भिंतीचो रंग सोडवणा नाय."

उघडीप मिळताच पत्र्याचा तुकडा घेऊन त्याने फुगलेला रंग स्वतःच खरवडायला घेतला. खिडकीतल्या पाहुण्यांनी हे काय चालले आहे म्हणून विचारले. इकडे भिंतींना असेच असते, असे सारिकाने निर्विकार चेहऱ्याने सांगितले.

आता मी ठिगळाठिगळांची दिसते. माझ्यापुढे फोटो काढायला कोणी उभे राहत नाही. खूप थकले आहे, पण रंगाखाली कोंडलेली ओल निघून हळूहळू वाळते आहे आणि आनंदी अजून आत निजते. मित्रांनो, भिंतीला जरूर नटवा. पण कधीतरी आत जाऊन तिच्यावर तळहात ठेवा. हात ओला झाला, तर नजर काढत बसू नका.