खिडकीजवळची खाट

हनुवटीखाली, मानेच्या पट्ट्याच्या निळ्या स्पंजाला एक पांढरा केस चिकटला होता – आखूड, ताठ, सकाळच्या दाढीतून निसटलेला – आणि मंजिरीचे दोन्ही हात ग्रॅहमचं डोकं धरण्यात गुंतले असल्यामुळे तो तिला काढता येत नव्हता. तळवे कानांवर, बोटं मानेखाली. डोकं धरणाऱ्यानं आकडे म्हणायचे आणि तीन म्हटल्यावर बाकीच्यांनी अंग एकसंध वळवायचं, असा या वॉर्डाचा शिरस्ता. डोक्याशी जो असेल त्याचा हुकूम, मग तो साधा नर्स का असेना.

"ग्रॅहम, वळवू?"

ग्रॅहमनं पापण्या मिटून उघडल्या. गळ्यात नळी होती, श्वास यंत्र घेत होतं, तेव्हा होकार पापण्यांचाच. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा मंजिरीचा नियम. वॉर्डाची प्रमुख डॉक्टर म्हणून नव्या डॉक्टरांना ती तो पहिल्याच दिवशी इतक्यांदा ऐकवायची की तिच्या माघारी ते तिची नक्कल करत, आणि हेही तिला ठाऊक होतं. एक, दोन, तीन. चादर सरळ झाली. केस तेवढा राहिला.

ग्रॅहम सायकलवरून पडला होता. मानेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढं घसरलेला. यंत्र कायमचं लागणार हे कळल्यावर त्याला, त्याच्या बायकोला घेऊन सगळे बसले होते – शांत खोली, दार लावलेलं, टिश्यूंचा खोका हाताशी – आणि मंजिरीनं त्यालाच विचारलं होतं, यंत्रावर जगायचंय का. पापण्या मिटून तो हो म्हणाला होता. आता कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, माणसं चाकाच्या खुर्चीसाठी त्याच्या घराची दारं रुंद करत होती. इंग्लंडात, साउथहॅम्प्टनमध्ये एवढं होतं. त्यात कुणाची मेहेरबानी नाही, असं ती स्वतःला सांगायची. आणि तरी तिला अधूनमधून या सोयींची लाज वाटायची.

"मंजिरीताई, तुमचा चहा थंड झाली," वेद दारातून म्हणाला. तिचा रजिस्ट्रार, म्हणजे हाताखालचा डॉक्टर, लंडनच्या ईलिंगमध्ये जन्मलेला, मराठी आजीकडून उचललेली.

"झाला."

"येस, झाला. सॉरी. आज मलावीचं कॉल आहे ना? मी बसू शकतो?"

"बस की. पण मध्ये बोलू नकोस. नेटवर्क आधीच नाजूक आहे."

थंड चहा तिनं तसाच पिऊन टाकला. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका लहानशा इस्पितळाशी दर आठवड्याला तिचं बोलणं व्हायचं. पलीकडे ग्रेस – पदवीनं डॉक्टर नव्हे, पण त्या वॉर्डात डॉक्टरचं सगळं काम तिच्याच गळ्यात. चेहरे दिसायचे नाहीत, व्हिडिओ लावला की आवाज तुटायचा. एक्स-रेचे फोटो तेवढे आधी येऊन पडायचे. त्यामुळं लॅमेकची मान मंजिरीला पाठ होती आणि लॅमेक मुळीच माहीत नव्हता. आंब्याच्या झाडावरून पडलेला पुरुष, चौतीस वर्षांचा. चौथा मणका पाचव्यावरून पुढं.

"सेम लेव्हल," वेद फोटो पाहून म्हणाला. "ग्रॅहमसारखंच. त्याला आणलं कसं?"

"बसवून पाणी पाजलं असेल आधी. मग सायकलच्या कॅरियरवर रस्त्यापर्यंत, पुढं पिकअपमध्ये पोत्यांवर."

"पण कॉलर? कोणी नेक होल्ड नाही केलं?"

"कुणी शिकवलंय त्यांना?" ती म्हणाली. पडलेल्या माणसाला उठवून बसवणं ही माया असते, हे वेदला कसं सांगायचं... तिच्या सांगलीत तरी दुसरं काय केलं असतं? तिथंही चारजण धावले असते, एकानं काखेत हात घातला असता, एकानं पाय उचलले असते, आणि मान मध्येच लोंबकळली असती – सगळं जीव तोडून, सगळं प्रेमानं.

सांगली आली की मागोमाग बाबा यायचेच. बाबांच्या पोटात गाठ निघाली तेव्हा भावाचा, जयंतचा फोन आला होता: बाबांना काही कळू द्यायचं नाही, तू तुझं लंडनचं शहाणपण इकडे आणू नकोस. मंजिरी लंडनला कधीच राहिली नव्हती, पण ते असो. ती गेली, भांडली, आणि आठवड्याभरात इतरांसारखीच बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी राहून हळू आवाजात बोलायला लागली. आत गेलं की वर, "छान आहेत हं रिपोर्ट." सगळे पॅसेजमध्ये गेले की बाबा रेडिओ बारीक करायचे. झोप लागली असेल, असं जयंत म्हणायचा. आपल्याकडे असंच असतं – माणूस आजारी पडला की त्याच्याबद्दल सगळे बोलतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही. या गोष्टीचा तिला मनापासून संताप होता. तो संताप घेऊनच तर ती इथं नियम करणारी बाई झाली होती...

फोन लागला.

"ताप उतरत नाही," ग्रेसचा आवाज. "छातीत कफ भरलाय. दम लागतो. शहरातल्या इस्पितळात श्वासाचं एक यंत्र आज मोकळं आहे, मी विचारून ठेवलंय. संध्याकाळपर्यंत न्यायचं तर आत्ता ठरवायला हवं."

"रस्ता?"

"तोच. अर्धा दिवस."

मंजिरीनं डोळे मिटले. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, गेल्या आठवड्यापासूनच. रस्त्यातच तो जाईल. आणि पोचलाच, तरी एकदा लावलेलं यंत्र सुटणार नाही. ते यंत्र महिनोन्‌महिने एकाला देता येत नाही, मग एके दिवशी कुणीतरी ते बंद करील. "हलवू नका," ती म्हणाली. "मॉर्फिन थोडं थोडं द्या. दम लागल्याचा त्रास कमी होईल. त्याच्या आईला सांगितलंय ना?"

"आई इथंच आहे. त्याला कूस तीच बदलून देते, भरवते, सगळं तीच करते."

"मग पुरे. त्याला आत्ता काही सांगू नका. कशाला उगाच –"

वेदनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ते वाक्य तिच्या तोंडून गेलं होतं, हळू आवाजात, अगदी पॅसेजमधल्यासारखं, आणि ते तिचं नव्हतं, जयंतचं होतं... की तिचंही होतं?

"मॅडम," ग्रेस म्हणाली, "या वॉर्डात नेटवर्क फक्त एका खिडकीपाशी येतं. मी दर वेळी तिथूनच बोलते. त्याची खाट खिडकीला लागून आहे."

"त्याला इंग्रजी..."

"तो शाळेत शिकवतो. इंग्रजीच शिकवतो. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि तो म्हणायचा, बोलू दे त्यांना, मोकळेपणानं बोलतायत."

म्हणजे दर आठवड्याला. एक्स-रे कसा दिसतो, पडून राहून पाठीला जखमा किती दिवसांत होतील, अशा माणसांचं तिकडे पुढं काय होतं – सगळं. मंजिरीच्या कानशिलांत रक्त चढलं. तिला शरम वाटली. दुसरा शब्द नाही. फोन सरकवल्याचा आवाज झाला, मग पुरुषाचा आवाज, बारीक, दर दोन शब्दांमागं श्वास घेणारा.

"डॉक्टर... तुमच्याकडे असतो... तर मला विचारलं असतं?"

"हो," ती म्हणाली. "विचारलं असतं."

"मग... विचारा."

विचारायची वाक्यं तिला पाठ होती. ती शिकवायची ती वाक्यं – आधी काय, थांबायचं कुठं, आवाज किती खाली. आणि आता ती जुळवताना तिच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत तिनं ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर तिच्या मनात आधीच ठरलेलं असायचं. ते त्या उत्तराशी येऊन पोचले की ती हळूच मान हलवायची आणि त्याला त्यांची निवड म्हणायची. ग्रॅहमलाही... ग्रॅहमच्या घराची मापं घ्यायला माणूस पाठवायचं तिनं त्या बैठकीच्या आधीच ठरवून टाकलं नव्हतं का? तो नाही म्हणाला असता, तर? ही शंका तिला आजवर शिवली नव्हती. आता ती शेजारी येऊन बसली, निवांत, उठायची घाई नसल्यासारखी.

वेदनं दार लावून घेतलं.

मंजिरीनं लॅमेकला रस्त्याबद्दल सांगितलं. यंत्राबद्दल सांगितलं, ते बंद होण्याबद्दलही सांगितलं, कुठलाही शब्द मऊ न करता. मॉर्फिन म्हणजे काय, तेही सांगितलं. मध्ये त्याची आई काहीतरी बोलली, त्यानं तिला त्यांच्या भाषेत थोडक्यात उत्तर दिलं. मग मंजिरी म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

तो श्वास जमवत होता. ती वाट पाहत राहिली. आणि वाट पाहता पाहता तिला भीती वाटू लागली, खरीखुरी – तो 'शहरात न्या' म्हणेल याची.