वांझ नव्हते मी!

मी एक म्हातारी कार्प मासळी आहे, मित्रांनो. मत्स्यबीज केंद्राच्या तळ्यात माझा जन्म गेला. आज बोलते आहे ती रागाने, आणि तो राग मी लपवणार नाही.

माझ्या लहानपणी थोरले मालक होते. पाण्यात बारीक किडे भरपूर व्हावेत म्हणून ते तळ्यात शेणखत टाकत, वर पेंड आणि कुटलेली सुकट देत. आम्ही भराभर वाढलो. पुढे ते वारले आणि कारभार धाकट्या भावाकडे आला. त्याने हात आखडला. सकाळी कोंडा, संध्याकाळीही कोंडाच! त्या वर्षीची पिल्लं डोक्याने मोठी अन् अंगाने काटकुळी निघाली. आम्ही मोठ्या माद्या मात्र गुबगुबीत दिसत होतो. ती नुसती चरबी होती.

अंड्यांचा हंगाम आला. मालकाने एकेकीला ओल्या फडक्यात धरून पोट दाबलं. काहीच आलं नाही.

“वांझ आहेत सगळ्या,” तो म्हणाला. “फुकट खातात. पाठवा बाजारात!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं काय मोठं खात होतो आम्ही? माझ्या बरोबरीच्या साऱ्याजणी टोपल्यांत गेल्या. मी शेवटची उरले, तेवढ्यात थोरल्या मालकांची बायको आली.

“भावजी, हिला ठेवा खाली.”

“वहिनी, वांझ मासा पोसून काय करू?”

“पोसलंत कधी? नुसत्या कोंड्यावर अंडी धरतात होय? तुमचे भाऊ काय घालायचे, डोळ्यांनी बघत होतात ना? या तळ्यात माझाही वाटा आहे. ही माझ्या टाकीत जाईल.”

टाकीत मला सुकट मिळाली, भिजवलेले वाटाणे मिळाले, कधी गांडुळं. चरबी झडायला वेळ लागला. पण पुढच्या हंगामात वहिनींनी पोटावरून हलकेच हात फिरवला आणि भांडं अंड्यांनी भरलं.

मालक धावत आला. “बघा, उघडलं की नाही हिचं नशीब!”

“नशीब?” वहिनी कडाडल्या. “मग त्या गेल्या, त्यांचं काय फुटकं होतं?”

दुसऱ्या दिवसापासून तो तळ्यातही सुकट टाकू लागला.

मित्रांनो, तिथे आता माझी पिल्लं आहेत. ती वाढली नाहीत, तर त्यांना नावं ठेवण्याआधी त्यांच्यापुढे काय टाकलं होतं, ते विचारा. चांगलं खडसावून विचारा. माझ्या मैत्रिणींसाठी कुणीच वेळेवर विचारलं नाही.