वीस टक्के

“बाई, टक्के नका सांगू. पडणार की नाही, तेवढं एका शब्दात सांगा.”

हवामानबाईंनी कानावरचा हेडफोन जरा सैल केला. सकाळपासूनचा हा एकेचाळिसावा फोन. शेती सल्ला केंद्राच्या त्या लांबट खोलीत सहाजणी बसायच्या, पण पाऊसपाण्याचा प्रश्न आला की बाकीच्या पाचजणी फोन यांच्याकडे ढकलायच्या. त्यातून हे नाव पडलं आणि सतरा वर्षांत इतकं मुरलं की हजेरीपटावरचं खरं नाव त्यांना स्वतःलाच परकं वाटे.

पलीकडचे काका ओळखीचे होते. म्हणजे आवाजानं. आठवड्यातून दोन-तीनदा फोन असायचाच. गहू कापणीला आला होता, मजूर उद्याच मिळणार होते. उद्या हुकलं की थेट दहा दिवसांनी.

समोरच्या कागदावर अंदाज छापलेला होता : पुढचे तीन दिवस पावसाची शक्यता वीस टक्के. नियम साधा होता. कागदावरचं वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. पण घरी सासूबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या, सलग झोप म्हणजे काय ते बाई विसरल्या होत्या, आणि अजून वीसेक फोन ताटकळत होते.

“नाही पडणार, काका. घ्या कापून.”

“हां, आता कसं बोललात!” म्हणत काकांनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या पत्र्यावर थेंब वाजले. आधी चार, मग चाळीस, मग कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. शेजारची म्हणाली, “बरं झालं बाई, उकडत होतं नुसतं.” हवामानबाई तीन दिवसांपूर्वीचा अंदाजाचा कागद शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वरच्या मजल्यावर गेल्या. अंदाज तयार करणारे साहेब तिथे बसत.

“साहेब, आपला अंदाज चुकला.”

“चुकला कुठे?” साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “वीस टक्के म्हणजे अशा पाच वेळांतून एकदा पडायचाच. हे बघा.” त्यांनी एक तक्ता पुढे केला. “कापणीच्या महिन्यातला जोराचा पाऊस. आधीच्या वीस वर्षांत तीनदा. गेल्या आठ वर्षांत पाचदा. हवा तापलीय, बाई. तापलेली हवा पाणी जास्त धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पूर्वी वीस टक्क्यांना लोक हसून सोडून द्यायचे. आता तसं चालायचं नाही.”

बाईंनी मान हलवली. ‘नाही’ कोण म्हणालं होतं, ते काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

चार दिवस काकांचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फोनच्या नोंदीतून पत्ता उतरवून घेतला.

“वेड लागलंय का तुम्हाला?” शेजारची म्हणाली. “जाऊन काय करणार?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

बसमधून उतरून पाऊण तास चालल्यावर ते शेत लागलं. आवाजावरून बाईंनी धिप्पाड माणूस मनात धरला होता. काका निघाले बुटके, हडकुळे. सुनेबरोबर ओल्या पेंढ्या उलटून उन्हाला देत होते. आंबूस वास सुटला होता.

“कोण हवंय?” सुनेनं विचारलं.

“काका, मी केंद्रातून...”

एवढ्यावरच काका ताठ झाले. “फोनवरच्या बाई?”

“हो.” बाई म्हणाल्या. “कागदावर वीस टक्के होतं, काका. ‘नाही’ मी माझ्या मनानं म्हणाले.”

“आणि हे आता सांगायला आलात?” सून उसळली. “घरात ताडपत्री घडी घालून पडली होती! नुसतं वीस म्हणाला असतात तरी टाकली असती आम्ही!”

काकांनी एक ओंबी चुरगाळली आणि तळहात पुढे केला. दाण्यांना पांढरे, सुतासारखे कोंब फुटले होते.

“अर्धा गेला,” ते म्हणाले. “तो आता गुरांना.” मग तळहाताकडेच बघत, “एका शब्दात सांगा, असं मीच म्हणालो होतो.”

“मी सांगायला नको होतं.”

“नकोच होतं,” काका म्हणाले.

आवाज चढला नव्हता. पण त्यांनी बाईंना मोकळंही केलं नाही, आणि बाईंना ते बरं वाटलं. तेवढ्यासाठीच आपण आलो होतो की काय, असंही वाटून गेलं.

काकांनी हात झटकले. “उद्याचं काय?”

“तीस टक्के.”

“म्हणजे?”

तोच खर्जातला आवाज, तोच प्रश्न. बाईंनी जिभेवर आलेलं सोपं उत्तर गिळलं. “म्हणजे पडेलही. नक्की कुणालाच माहीत नाही, काका. मलाही नाही.”

काका सुनेकडे वळून म्हणाले, “ताडपत्री आण. ऊन उतरलं की झाकून टाकू.”

सून घराकडे गेली. बाईंनी पर्स बांधावर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि ओळीतली पहिली पेंढी उचलली. दिसत होती त्यापेक्षा ती कितीतरी जड होती. उलटी करताना गुडघ्यातून कळ गेली. त्यांनी दुसरी उचलली.

सून ताडपत्री ओढत परतली तेव्हा बाई चौथ्या पेंढीशी होत्या. ती क्षणभर बघत उभी राहिली. मग ताडपत्री खाली टाकून शेजारच्या ओळीत वाकली.