अर्धा दिवा

"मी आज येत नाही. दिव्याला सांग," बोरघिल्ड दाराच्या फटीतून म्हणाली.

सकाळचे साडेआठ वाजले होते, म्हणजे काळोख होता. साडेदहालाही काळोखच असणार होता. आमचं गाव पार उत्तरेला; नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य अजून फिरकला नव्हता.

"दिवा विचारत नाही, डॉक्टर विचारतात," मी म्हणाले. मी गावच्या दवाखान्यातली नर्स. "तीन दिवस झाले. उद्याही आली नाहीस तर शहरातल्या इस्पितळात पाठवणार आहेत. मागे पाठवलं होतं तसं."

"तिथं जेवायला काय असतं?"

"उकडलेला मासा."

"तो काय, इथंही मीच उकडते." फट बंद झाली.

बोरघिल्डने तीस वर्षं शाळेच्या अंगणातला बर्फ उपसला. हिवाळा लागला की तिच्या आतलं काहीतरी मिटायचं. अंथरुणातून पाय निघायचा नाही. पण तिने हे दुखणं संसारासारखं सांभाळलं होतं. सकाळी चमचाभर माशाचं तेल, दुपारी आभाळ जरा निळसर झालं की समुद्रापर्यंत फेरी, आणि नऊ वाजता आमच्या दवाखान्यात येऊन सूर्याच्या बदली औषध म्हणून लहान खिडकीएवढ्या पांढऱ्या दिव्यासमोर अर्धा तास बसणं.

दिवा एक आणि पेशंट दोन. दुसरा इलिफ, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. दोघं एकोणीस हिवाळे शेजारी शेजारी बसले आणि एकाच विषयावर बोलले.

"तुझ्याकडे जास्त उजेड पडतोय."

"तुझं डोकं मोठं आहे. पुरत नाही त्याला."

शेवटी मी टेबलाच्या मधोमध चिकटपट्टी लावली आणि दिवा तिच्यावर ठेवला. मग दोघं पट्टी वाकडी आहे म्हणू लागले.

वर्षातून एकदा विषय बदलायचा. एकवीस जानेवारीला सूर्य परत डोकावतो. शाळा सुटते, सगळं गाव अंगणात जमतं आणि मुरंबा भरलेली सूर्यबनं खातं. पण सूर्य दिसल्याशिवाय बनला तोंड लावायचं नाही. इलिफ मात्र नऊ वाजता, दिव्यासमोरच, बन खायला लागायचा. एकोणीस वर्षांत अकरा वेळा ऐन वेळी ढग आले, आणि अकराही वेळा बोरघिल्डने त्याला गुन्हेगार ठरवलं. मग आठवडाभर अबोला. उजेडाबद्दलसुद्धा बोलणं नाही.

दोन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, इलिफ गेला. इंजिन सुरू करून दिलं, स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. गिऱ्हाइकाला वाटलं, पुढच्या दुरुस्तीचा विचार करतोय. त्याने मध्ये न बोलता बराच वेळ वाट पाहिली.

यंदा एकवीस तारखेला सगळं गाव डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं. एकानेही बन उष्टं केलं नव्हतं. तरी ढग आलेच. बोरघिल्ड आपलं बन तसंच खिशात घालून घरी गेली आणि निजली. पुढचे दोन दिवसही आभाळ बंद, तिचं दारही बंद. म्हणून चोवीसला मी तिच्या दारात गेले होते.

पंचवीसला नऊला पाच कमी असताना ती आली. नाइटगाऊनवर कोट, पायात दोन वेगवेगळे बूट. मी दिवा लावला आणि पूर्ण तिच्याकडे वळवला.

"हे काय?"

"आता सगळा तुझाच आहे."

तिने तो पुन्हा पट्टीवर सरळ केला. अर्धा उजेड शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडला. त्या खुर्चीची गादी मधोमध खचलेली होती.

"ढग त्याच्यामुळे येत नव्हते गं," ती त्या खुर्चीकडे बघत म्हणाली.

"नसावेत."

"अकरा वर्षं मी त्याला बोल लावला."

मग खिशातून चार दिवसांचं बन काढून तिने चावा घेतला. ते दगड झालं होतं.

"सूर्य अजून दिसला नाहीये," मी म्हणाले.

"माहीत आहे."

अर्धा तास संपला तेव्हा कुठे बन संपलं. बाहेर काळोख होता तसाच होता. तिने कोटाची बटणं लावली.

"उद्या किती वाजता?"

एकोणीस हिवाळे वेळ बदलली नव्हती. "नऊ," मी म्हणाले.

टेबलभर साखर आणि चुरा सांडला होता. बोरघिल्डने हाताने आपली बाजू स्वच्छ पुसली. पट्टीपलीकडचा चुरा तसाच ठेवला. ती बाजू तिची नव्हती.