कुशातात्याच्या लग्नातली करवली

घर बदलणं म्हणजे काय, ते ज्यानं बदललंय त्यालाच विचारा. बोरी बुद्रुकच्या अश्विनीचं डोकं तर आठवडाभर गरगरत होतं. ओटीवर भांड्यांची पोती, माजघरात गाद्यांचे गठ्ठे, चहाची गाळणी बेपत्ता. आणि एवढ्या रामरगाड्यात बाईसाहेब धान्याच्या कोठीवर लॅपटॉप मांडून काय करत होत्या? तर स्क्रॅपबुक! तेसुद्धा कागद-डिंकाचं नव्हे, कॉम्प्युटरवरचं.

"अगं, रविवारी टेम्पो दारात येणार, आन तू फोटोंना रिबिनी लावत बसलीस?" नवरा, सुदर्शन, दर तासाला येऊन ओरडून जायचा.

"लावते. तुमी मिक्सर कुठल्या पोत्यात घातलाय तेवढं शोधा," ती मान वर न करता म्हणायची.

कारण तसं साधं होतं. वाटण्या झाल्या होत्या. मळ्यात नवं घर उभं राहिलं होतं आणि गावातलं घर सुदर्शनच्या चुलत्याच्या, कुशातात्याच्या वाट्याला गेलं होतं. तात्या ते पाडून दुकानाचे गाळे काढणार होता. भांडण नव्हतं काही, सगळं गोडीगुलाबीनं झालेलं. पण लग्न होऊन आल्यापासून ज्या घरात आपण वावरलो ते निदान एका पुस्तकात तरी राहावं, असं अश्विनीच्या मनानं घेतलं. आणि तिच्या मनानं एकदा घेतलं की संपलंच.

मोबाईलवर एका ताईंचा ऑनलाइन क्लास सापडला. पहिल्याच दिवशी ताईंनी फोटोखाली बारीकशी सावली टाकायला शिकवली. बास, एवढंच. पण ती सावली पडली आणि सासऱ्यांचा, कैलासवासी भिमाजींचा फोटो पडद्यावर असा उठून आला, की खरोखर कागदावर चिकटवलाय! अश्विनीनं चक्क बोट फिरवून पाहिलं. काच गुळगुळीतच होती. "आई शप्पथ!" ती एकटीच म्हणाली.

पुढं स्क्रिप्ट आलं. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची आज्ञा. एकेका फोटोला सावली टाकत बसायला नको. चार ओळी लिहायच्या, बटण दाबायचं, शंभर फोटो आपोआप तयार. पहिल्या खेपेला तिच्या स्क्रिप्टनं दिसेल त्या चित्राला झेंडूची तोरणं लावली. लाईटबिलालासुद्धा, सुदर्शनच्या आधार कार्डालासुद्धा. तो एक अख्खा दिवस बोलला नाही. पण अश्विनीच्या मनातलं नवल काही ओसरेना. आपण गावच्या शाळेत शिकलेली बाई, आपण चार ओळी लिहितो आणि हे यंत्र मुकाट्यानं ऐकतं. सासरी आल्यापासून इतकं मुकाट्यानं तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. साळुबाई. तोंडानं फटकळ, हातानं भरभरून देणारी बाई. अश्विनीनं एकेक पान उलगडून दाखवलं. साळुबाईंनी सगळं पाहिलं, आणि मग विचारलं, "समदी हायेत हितं. तुझं सासरं हायेत, बैल हायेत, आपली मोती कुत्री बी हाय. माझी भागू कुठं हाय गं?"

अश्विनीनं लॅपटॉप बाजूला सरकवला.

भागू म्हणजे सुदर्शनची थोरली बहीण. तेराव्या वर्षी तापानं गेली. अश्विनी या घरात यायच्या कितीतरी आधी. तिचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला. पण फोटो समोर राहिला तर पोरीची आई त्याच्याकडं बघत बघत मरेल, अशी घरच्या मोठ्या माणसांना धास्ती बसली. म्हणून त्यांनी अस्थींबरोबर तो फोटोही कुकडी नदीत सोडून दिला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण झालं ते झालं.

"आवाज याद हाय मला," साळुबाई म्हणाल्या. "'आये' म्हणून वरडायची, ते अजून कानात हाय. पर तोंड जात चाललंय, आश्विने. आईला पोरीचं तोंड आठवत न्हाई, ह्याला काय म्हणायचं? ह्या दारात येऊन उबी राह्यले की वाईच दिसल्यावानी व्हतं. आता दार बी चाललं." आणि ही बाई, जी नवऱ्याच्या दहाव्यालाही ताठ बसली होती, ती पदराचा बोळा तोंडात कोंबून रडायला लागली.

भरायची पोती तशीच टाकून अश्विनी कुशातात्याकडं गेली. भागू तात्याच्या लग्नात करवली होती, एवढं तिनं ऐकलं होतं. तात्याला सख्खी बहीण नव्हती, म्हणून पुतणीच कऱ्हा-दिवा घेऊन नवरदेवामागं उभी राहिली होती. आणि त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती.

"हाय की," तात्या म्हणाला, "नारायणगावातनं पेनड्राइववर बी घालून आणलीय मागं. पर बघून काय करशील? मीच न्हाई त्यात!" आणि त्यानं जुनं रडगाणं लावलं. व्हिडिओवाला गोरज मुहूर्ताच्या ऐन वेळेला कॅमेरा स्टँडवर लावून जेवायला गेला, भाऊ! स्टँड एका अंगाला फिरलं. आख्ख्या मंगलाष्टका झाल्या, पण त्यात ना नवरा ना नवरी. वऱ्हाडाच्या पाठी, टोप्या आणि अक्षता फेकणारे हात. "वैऱ्याच्या लग्नाचं बी असं शूटिंग व्हऊ नये!"

अश्विनीनं पेनड्राइव्ह लावला. खरंच तसंच होतं. पडदाभर माणसंच माणसं, आणि चित्र असं की मधमाशांचं मोहोळ उठलंय. पण त्या पाठींच्या फटीतून मागं कोणीतरी उभं होतं. घटकाभर एक कपाळ दिसे, लगेच कुणाची तरी टोपी आड येई. मग वेणीचं टोक. मग दिव्याचा एक ठिपका. थांबवून पाहावं तर नुसता चिखल. तिनं शंभरदा थांबवलं, शंभरदा चिखल. ती हताश झाली, मनातल्या मनात त्या व्हिडिओवाल्याला तिनंही एक शिवी हासडली.

मग तिला खोडदची आठवण झाली.

खोडदला, इथून हाकेच्या अंतरावर, त्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणी आहेत. विज्ञान दिनाला त्या लोकांना बघू देतात. बचत गटातल्या बायकांबरोबर अश्विनीही गेली होती. तिथल्या एका मुलीनं सांगितलं होतं, की लांबच्या ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की एका खेपेला काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकायची आणि सगळं एकावर एक रचायचं. खरखर दर वेळी वेगळी असते, तारा दर वेळी तोच असतो. खरखर आपली आपण गळून जाते, तारा राहतो. तेव्हा अश्विनीनं मान डोलावली होती आणि भेळ खायला गेली होती.

आता ती कोठीपाशी ताठ बसली. कॅमेरा स्टँडवर होता! एकदा फिरला तो फिरला, पुढं जागचा हलला नव्हता. कॅसेट म्हणजे तरी काय, एकाच जागेचे हजारो फोटो. आणि फोटोंवर एकाच वेळी काम करणारं स्क्रिप्ट तर तिला येत होतं.

शनिवारी तिनं पहिला प्रयत्न केला. सगळ्या फोटोंची सरसकट सरासरी काढली. निघालं काय, तर सगळ्या वऱ्हाडाचं पिठलं. करडं धुकं, दुसरं काही नाही. तिला रडू फुटलं. त्यातच सुदर्शन देव्हारा कशात बांधायचा म्हणून विचारायला आला आणि उगाचच बोलणी खाऊन गेला.

रात्री जेवणं उरकल्यावर तिनं क्लासच्या ताईंना मेसेज टाकला. ताईंनी समजावलं, सरासरी नको गं, प्रत्येक ठिपक्याला विचार, की बाबा रे, तू बहुतेक वेळ कुठल्या रंगाचा होतास? जो आला नि गेला, त्याला धरू नको. जो थांबला, त्यालाच धर. एवढीच एक ओळ बदलायची होती. अश्विनीनं रविवारी पहाटे ती बदलली आणि बटण दाबलं. लॅपटॉप म्हातारा, फोटो हजारो. तो घुं घुं करत सावकाश पुढं सरकू लागला, आणि दारात टेम्पो येऊन उभा राहिला.

आता काय करता? बंद केला तर सगळं पहिल्यापासून. अश्विनीनं तो उघडाच मांडीवर घेतला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. तिच्या बाजूला साळुबाई, त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेले देव. दोघींचा जीव आपापल्या मांडीवरच्या ओझ्यात.

"खड्ड्यातनं जरा हळू घ्या, राव," अश्विनी म्हणाली.

"देव हायेत म्हणून?" ड्रायव्हरनं विचारलं.

"व्हय, देव बी हायेत."

साळुबाईंनी सुनेच्या मांडीकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही. अश्विनीनंही सांगितलं नव्हतं. नाहीच निघालं तर? त्या बाईला एकदा आशा लावायची आणि मग धुकं दाखवायचं? छे! आणि इकडं बॅटरी उतरत होती.

मळ्यात पोचल्या पोचल्या ती आधी स्वयंपाकघरात धावली आणि नव्या ओट्याजवळच्या बटणात वायर खुपसली. सुदर्शन मागून आला. "आई, दूध उतू घालवायचंय, शेगडी पेटव," असं म्हणतच तो आला आणि बायकोच्या खांद्यावरून पडद्याकडं पाहून जागीच थांबला.

चित्र उतरत होतं. वरून खाली, एकेक पट्टी. आधी मांडवाचं कापड आलं, पताका आल्या. मोहोळ उठल्यासारखी खरखर कुठं म्हणून नव्हती. मग मोकळी जागा आली. अश्विनीला वाटलं, चुकलं काहीतरी, कारण माणसंच नव्हती! शेकडो माणसं, टोप्या, लुगडी, अक्षतांचे हात, सगळं वऱ्हाड कुणी फुंकर मारून उडवलं होतं. रिकामा मांडव, बाजूला कुशातात्याचा अर्धा खांदा.

आणि मधोमध पोर उभी होती.

परकर-पोलकं, घट्ट वेणी, वेणीत आबोलीचा गजरा, हातात कऱ्हा आणि त्यावर पेटलेला दिवा. दिव्याचा उजेड हनुवटीखालून वर चढलेला. नाक जरा बसकं, भुवया जुळलेल्या, खालचा ओठ दातात धरलेला. इतकी स्वच्छ, इतकी समोर, की अश्विनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं हात जोडले ते तिचं तिलाही कळलं नाही. तीस वर्षं ही पोर त्या गर्दीमागं अशीच उभी होती. सगळे येऊन गेले, जेवून गेले, हलले म्हणून पुसले गेले. ही हलली नाही म्हणून राहिली.

"ताई," सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज लहान पोराचा झाला होता. "ह्या मांडवात मी पळत व्हतो गं. तिच्या फुडनं धा येळा पळालो आसंल."

साळुबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. लेकाचा तो आवाज ऐकून त्या वळल्या. आधी लांबूनच पाहिलं, मग एकेक पाऊल टाकत ओट्याशी आल्या. अश्विनी बाजूला झाली. ही भागूच ना? की दुसरीच कुणाची पोर? तिनं तरी कुठं पाहिली होती! ती सासूच्या तोंडाकडं बघत राहिली.

साळुबाईंनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग बोट पुढं करून ते दातात धरलेल्या ओठापाशी नेलं.

"माझीच हाय," त्या म्हणाल्या. "दातात व्हट धरू नको म्हणून रोज वरडायची मी." आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "मीच दम दिला व्हता गं हिला त्या दिशी. वारं लई व्हतं. म्हणलं, तात्याचं लगीन हाय, दिवा इझता कामा नये. जागची हलू नको, कुणी ढकललं तरी हलू नको. बघ की... न्हाई हलली. माझं लेकरू न्हाई हललं."

शेगडीवरचं दूध सरसरत वर आलं आणि उतू गेलं. कुणी तिकडं पाहिलं नाही. साळुबाईंनी दोन्ही तळवे पडद्यापुढं धरले, पोरीच्या हातातलं काही घ्यायला धरावेत तसे.

"ठिव बाय आता खाली," त्या म्हणाल्या. "लगीन कवाच लागलं. हात भरून आलं आसतील तुझं."