यंत्रस्वामींचा काळा पडदा

त्या शुक्रवारी कुंभकोणमजवळच्या दारासुरमच्या रस्त्यावरचा मांडव माणसांनी फुलून गेला होता. यंत्रस्वामी म्हणे मेलेल्यांना कॉम्प्युटरमधून बोलते करत. भक्ताने फक्त मृताच्या आवाजाची कॅसेट आणून द्यायची, ‘आत्म्याला ओळख पटावी म्हणून’. मग काळ्या पडद्यावर अगम्य ओळी धावत आणि स्वामी डोळे मिटून सांगत, “आत्मा सातव्या लोकातून उतरतो आहे, वाट सोडा.” आत्म्यालाही जिना लागतो, हे कुंभकोणमकरांना सत्त्याण्णव साली कळले.

व्यासराज मागे उभा होता. तो पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवी. पुढच्या रांगेत त्याची आई, वेंकटलक्ष्मी. धाकटा सेतू पापनाशमजवळ लॉरीखाली गेला, तेव्हापासून ती दर शुक्रवारी इथे येई. मागे एकदा सेतू यंत्रातून म्हणाला, “अम्मा, गोळ्या नको,” आणि तिने हृदयाच्या गोळ्या सोडल्या. आता तिचे पाय सुजले होते, चार पावलांत धाप लागे. व्यासराज समजावून थकला. तिचे एकच म्हणणे : स्वामी तमिळ माणूस, आपल्या घरातली तंजावरी मराठी त्याला कुठून येणार? बोलला तो सेतूच.

पण याच आठवड्यात यंत्र बिघडले होते, आणि स्वामींच्या शिष्याने ते नेमके व्यासराजकडे दुरुस्तीला आणले. आत आत्मा नव्हता. आवाज कापायचा-जोडायचा, फुकट मिळणारा एक प्रोग्राम होता. आपण काय करतो आहोत ते तो पावलोपावली पडद्यावर सांगे, पण अशा आकड्यांत की जाणत्यालाही देव आठवावा. व्यासराजने प्रोग्रामच्या कामाला हात लावला नाही. फक्त त्याचे सांगणे साध्या तमिळमध्ये, इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवले.

आज मांडवात स्वामींनी कळ दाबून डोळे मिटले. पडद्यावर उमटले : ‘वेंकटलक्ष्मीची कॅसेट उघडली. मधला तुकडा कापला. पुढचे टाकून दिले. आवाज घुमवला. वाजवतो आहे.’ मागोमाग यंत्रातून सेतूचे तेच शब्द आले, “अम्मा, गोळ्या नको.”

तिरुभुवनमच्या एका विणकराने पडद्यावरचे ते मोठ्याने वाचले. साऱ्या माना पडद्याकडे वळल्या. मिटल्या डोळ्यांचे स्वामी तेवढे अजून सातव्या लोकातच होते.

व्यासराजने पुढे होऊन तीच कॅसेट न कापता लावली. ताटवाट्यांच्या आवाजात सेतू बोलत होता, “अम्मा, गोळ्या नको मणू नको गे. वेळेवर घे.” मराठी न कळणाऱ्या स्वामींनी वाक्य भलतीकडेच तोडले होते.

“यंत्र काय करतं, ते विचारा,” व्यासराज लोकांना म्हणाला. “जो सांगत नाही त्याच्यापुढं हात जोडू नका. आपल्या दुःखाचा तो धंदा करतो.”

वेंकटलक्ष्मी रडत होती. सेतू तिच्यापुरता आज मेला होता, आणि ते व्यासराजच्याच हातून झाले होते. त्याने गोळी आणि पाणी पुढे केले. तिने गोळी घेतली.

“हे तरी सेतूच मणला की नाही?” तिने विचारले.

“हो अम्मा,” तो म्हणाला. “जिवंत होता तेव्हा.”